अंपायर मंडळी, चुकलात तरी चालेल, पण काय दिलंत ते मोठ्याने सांगा

प्रति,
लहान मुलांच्या बेसबॉलला उभे राहणारे सगळे अंपायर

नमस्कार,

तुम्ही मला नावाने ओळखत नसाल पण आवाजाने नक्की ओळखता. बॅटर जिथे उभा राहतो त्या होम प्लेटमागच्या जाळीला टेकून, घडीच्या खुर्चीत, मांडीवर स्कोअरबुक घेऊन बसलेली आणि इनिंग संपली की "पिच काउंट अडतीस!" (म्हणजे पिचरने आतापर्यंत अडतीस बॉल टाकले) असं ओरडणारी जी बाई असते ना, ती मी. चार वर्षं झाली आता. पहिल्या वर्षी कोचने "स्कोअर कोण लिहील" असं विचारलं तेव्हा बाकीच्या सगळ्या आईबाबांना एकदम आपापल्या बुटाच्या नाड्या सुटल्याचं आठवलं, मी एकटीच भोळ्यासारखी वर बघत राहिले, तेव्हापासून ही पेन्सिल माझ्या गळ्यात पडलीये.

माझं सगळं लहानपण क्रिकेट बघण्यात गेलं. बेसबॉल मी पोरामुळे शिकले, तेही रात्री तो झोपला की नियमपुस्तक वाचून, कारण मॅच संपून गाडीत बसलो की त्याचे प्रश्न सुरू व्हायचे आणि "अंपायर म्हणाले ना, मग तसंच असणार" हे उत्तर त्याला जेमतेम महिनाभर पुरलं. आमच्याकडे लिटल लीगचे, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या अमेरिकन संस्थेचे, नियम चालतात त्यामुळे खाली जे काही लिहितेय ते त्याच पुस्तकाला धरून आहे, तुमच्याकडे दुसरं पुस्तक असेल तर आकडे वेगळे असतील, भांडणं बहुतेक हीच असतील.

आधीच सांगून टाकते, बॉल दिला का स्ट्राइक दिला (पिच बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतून, म्हणजे स्ट्राइक झोनमधून, गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल; तीन स्ट्राइकला आऊट) यावर रडायला हे पत्र नाहीये. तो तुमचा निर्णय, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की अंपायरच्या नजरेवर सोडलेला निर्णय अंतिम असतो, त्यावर वाद घालायचा नाही, आणि मला ते मनापासून पटतं. माझं दुखणं वेगळं आहे. नजर चुकणं वेगळं आणि नियमच चुकीचा लावणं वेगळं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे नियम बरोबर माहीत असून एका इनिंगला लावणं आणि दुसऱ्या इनिंगला सोडून देणं. मोठ्या माणसांच्या खेळात या तिन्ही गोष्टी खपून जातात कारण खेळणाऱ्याला नियम आधीच पाठ असतो. इथे नऊ-दहा वर्षांची पोरं आहेत, त्यांच्यातल्या एकानेही नियमपुस्तक उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही, तुम्ही हात वर करून जे ओरडता तोच त्यांचा नियम.

एक प्रसंग सांगते. दुसरी इनिंग, आमची बॅटिंग, एक आऊट, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर. आमच्या बॅटरने बॉल उंच उडवला, दुसऱ्या बेसच्या थोडा अलीकडे. समोरच्या टीमची तीन पोरं खाली उभी, तिघंही वर बघतायत, तिघंही "माझा माझा" म्हणायच्या ऐवजी एकमेकांकडे बघतायत, आणि बॉल तिघांच्या मधोमध धप्पकन मातीत. अंपायर गप्प. आमचे दोन्ही रनर बेसला चिकटून उभे, कारण कॅच होणार असं त्यांना वाटलं होतं आणि आम्हीच त्यांना शिकवलंय की उंच बॉल असला की बेस सोडायचा नाही. बॉल जमिनीवर पडला की बॅटर पहिल्या बेसकडे पळतो आणि पुढच्या रनरना बेस सोडावाच लागतो, ते पोचायच्या आत बॉल पुढच्या बेसवर आला की आऊट, यालाच फोर्स म्हणतात. त्या पोरांपैकी एकाने बॉल उचलून तिसऱ्या बेसला फेकला, तिथून दुसऱ्या बेसला, दोन आऊट, आधीचा एक धरून तीन, इनिंग खलास. दुसऱ्या बेसवरचं आमचं पोर तिथेच हात पसरून उभं, आपण काय चुकलो हे कळेना.

कोचने विचारलं, इनफिल्ड फ्लाय का नाही दिलात? अंपायर म्हणाले, "त्या पोरांच्याने तो पकडला जाणारच नव्हता."

आता गंमत बघा, हे उत्तर चूक नाही! ज्यांना हा नियम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या-दुसऱ्या बेसवर किंवा तिन्ही बेसवर रनर असतील आणि दोनपेक्षा कमी आऊट असतील, तेव्हा इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरला, सहज पकडता येईल असा उंच बॉल उडाला तर बॅटरला तिथल्या तिथे आऊट द्यायचं, बॉल पकडला काय नि पाडला काय. का, तर फिल्डरने मुद्दाम बॉल पाडून एकाच्या जागी दोन आऊट करू नयेत म्हणून. म्हणजे नियम रनरला वाचवण्यासाठी आहे. आणि "सहज" म्हणजे किती सहज, तर त्या लीगमधल्या साधारण पोराला जेवढं जमावं तेवढं. नऊ वर्षांच्या साधारण पोराला डोक्यावर चढलेला बॉल पकडता येतो का? मी चार वर्षांचं स्कोअरबुक लिहिलंय, मला विचाराल तर येत नाही. तेव्हा ते अंपायर तिथे गप्प बसले हे मी समजू शकते, रात्री घरी जाऊन पुस्तक वाचल्यावर समजू शकते, त्या वेळी माझं बीपी वाढलं होतं ते सोडा.

पण मग पाचवी इनिंग. आता समोरच्यांची बॅटिंग, पुन्हा पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर, आणि अक्षरशः त्याच जागी, अगदी मातीवर खूण करावी तर तीच, उंच बॉल. यावेळी साहेब जोरात ओरडले, "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट!" आमच्या पोरांनी परंपरेनुसार बॉल पाडला. त्यांचा दुसऱ्या बेसवरचा रनर चलाख, तो बॉल पडल्या पडल्या सुटला आणि तिसऱ्या बेसवर जाऊन पोचला. अंपायरने दोन्ही हात वर केले, "डेड बॉल, मागे जा." आणि ते पोर मान खाली घालून मागे गेलं.

हे मात्र सरळ चूक. इनफिल्ड फ्लाय दिला म्हणून बॉल डेड होत नाही, खेळ चालूच असतो, रनर स्वतःच्या जबाबदारीवर पळू शकतो. त्याने हिंमत केली, बरोबर केली, आणि त्याला शिक्षा झाली. आणि नियमपुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी काही बोलले नाही. आमचा कोचही बोलला नाही. नुकसान समोरच्यांचं होत होतं ना! दुसऱ्या इनिंगला तावातावाने उभे राहिलेले आमचे सगळे आईबाबा पाचव्या इनिंगला एकदम फोनमध्ये बघायला लागले. हे मी लिहितेय कारण तुम्हाला शिकवायला निघालेली माणसं कशी आहेत तेही तुम्हाला कळू दे.

दुसऱ्या इनिंगचा निर्णय पटो न पटो, त्यावर कुणालाही प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, करता आला नसता कारण तो नजरेचा होता. पाचव्या इनिंगचा निर्णय मात्र समोरच्या कोचला तिथल्या तिथे अडवता आला असता, फक्त पुढचा खेळ सुरू व्हायच्या आत अंपायरला सांगायला लागतं. त्यांच्या कोचला ते माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा ना त्यांना, "हा नियमाचा प्रश्न आहे, तुम्ही विचारू शकता" एवढं म्हटल्याने तुमचं काय जाणार आहे?

हा फरक अगदी वर, मोठ्यांच्या खेळातही दिसतो. २०१२ साली अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये अटलांटा आणि सेंट लुईसच्या एका बाद फेरीच्या सामन्यात अंपायरने इनफिल्ड फ्लाय दिला तो बॉल बराच मागे, आउटफिल्डच्या गवतात पडला होता. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, खेळ थांबवावा लागला, अटलांटाने प्रोटेस्ट केला आणि तो लगेच फेटाळला गेला, कारण सहज पकडता येतो का नाही हे ठरवणं ही अंपायरची नजर. याच्या उलट १९८३ ची गोष्ट. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये होम रन मारला आणि यांकीजच्या मॅनेजरने तक्रार केली की याच्या बॅटला पकड बसावी म्हणून लावायची राळ जास्त वरपर्यंत लावलीये. नियम होता १८ इंचांचा. अंपायरने ती बॅट होम प्लेटवर आडवी ठेवून मोजली, कारण प्लेट १७ इंच रुंद असते हे सगळ्यांना माहीत, आणि ब्रेटला आऊट दिलं, सामना संपला. कॅन्सस सिटीने प्रोटेस्ट केला आणि लीगच्या अध्यक्षांनी तो मान्य केला, त्यांचं म्हणणं असं की बॅट बाजूला काढायची होती, होम रन काढून घ्यायचा नव्हता, नियम ज्यासाठी केलाय ते बघा. उरलेला सामना २५ दिवसांनी, १८ ऑगस्टला, तिथूनच पुढे खेळवला आणि कॅन्सस सिटी जिंकली.

"नियम ज्यासाठी केलाय ते बघा" हे मला फार आवडलेलं आहे. लहान मुलांच्या मैदानावर याची रोज गरज पडते आणि सगळ्यात जास्त पडते ती स्ट्राइक झोनला.

स्ट्राइक झोनवर माझं मत ऐकून बाकीचे पालक माझ्याशी आठवडाभर बोलत नाहीत. लिटल लीगमध्ये झोन काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत, रुंदी ती प्लेटची १७ इंच. आता आमच्या टीममधला सगळ्यात छोटा बॅटर, हेल्मेटमध्ये डोकं गोल गोल फिरतं त्याचं, तो वाकून उभा राहिला की हा झोन केवढा उरतो? आणि ४६ फुटांवरून ज्याने फेकायचं ते पोरही दहा वर्षांचंच. तुम्ही पुस्तकाप्रमाणे तंतोतंत झोन लावलात तर बॉल, बॉल, बॉल, बॉल, चला पहिल्या बेसवर, पुढचा. चार बॉल झाले की असा फुकटचा पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात, आणि मी एका इनिंगमध्ये सलग सात वॉक लिहिलेत. आउटफिल्डमधली पोरं बसून गवत उपटत होती, एक तर ग्लोव्ह डोक्यावर घालून झोपायच्या बेतात होता. तेव्हा तुम्ही झोन दोन्ही बाजूंना एकेका बॉलच्या रुंदीएवढा वाढवता, खाली थोडा सोडता, ते मला मान्य आहे, पोरांनी बॅट फिरवायला पाहिजे, बॉल खेळात यायला पाहिजे. पुस्तक हातात घेऊन बसणारी बाई हे म्हणतेय याची नोंद घ्या.

फक्त दोन गोष्टी. वाढवायचा असेल तर पहिल्या पिचपासून वाढवा आणि दोन्ही कोचना प्लेटपाशी भेटता तेव्हाच सांगा, "आज झोन मोठा आहे, पोरांना सांगा बॅट फिरवायला." आणि शेवटच्या बॉलपर्यंत तेवढाच ठेवा. होतं काय की पहिल्या इनिंगला झोन दाराएवढा, तिसऱ्याला खिडकीएवढा, आणि शेवटच्या इनिंगला अंधार पडायला लागला की परत दार. आमच्या मुलाला एकदा डोळ्याच्या उंचीवरचा बॉल स्ट्राइक मिळाला आणि तो आऊट झाला. रडला नाही, मला फक्त म्हणाला, "आई, मघाशी असाच बॉल होता ना?" मी काय सांगू, सातला दहा कमी होते, अंधार पडत होता म्हणून?

आणि पालकांनो, तुम्हीही वाचत असाल तर, कॅचरने बॉल कुठे पकडला यावर झोन ठरत नाही हो. या वयात पिच कमान घेऊन येतो, प्लेटवरून गुडघ्याला जातो आणि कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत मातीला लागतो. जाळीमागून आपल्याला फक्त ती माती दिसते. अंपायर बरोबर असतो आणि आपण "अहो, खाली होता" म्हणून कोकलत असतो.

स्लाइडचं, म्हणजे जमिनीवरून घसरत बेस गाठण्याचं, मात्र मला नीट भांडायचंय. "स्लाइड केलं नाहीस, आऊट" हे वाक्य मी चार वर्षांत किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. पुस्तकात असा नियमच नाही! नियम असा आहे की फिल्डरच्या हातात बॉल आहे आणि तो टॅग करायला, म्हणजे बॉल रनरच्या अंगाला लावायला, थांबलाय, तर रनरने स्लाइड करायचं किंवा त्याला वळसा घालायचा प्रयत्न करायचा. नाहीतर आऊट. म्हणजे हातात बॉल पाहिजे, आणि वळसा चालतो. मागच्या महिन्यात आमचं एक पोर तिसऱ्यावरून होमला येत होतं, थ्रो अजून हवेत, कॅचर प्लेटच्या पुढे दोन पावलं, पोर आरामात उभ्याने प्लेटवर आलं. "नो स्लाइड, आऊट." ज्यासाठी नियम केलाय, म्हणजे टक्कर होऊ नये, ती टक्कर होण्यासारखं तिथे कुणीच नव्हतं.

आणि त्याचा परिणाम सांगते ना. ते पोर आता सगळीकडे स्लाइड करतं. पहिल्या बेसला करतं, जिथे नुसतं पळून पुढे गेलं तरी चालतं. रिकाम्या प्लेटवर करतं. गुडघ्याची खपली निघायच्या आत परत सोलतं. त्याच्या आईने विचारलं तर म्हणे, "नाही केलं तर आऊट देतात." एका चुकीच्या निर्णयाने एक रन गेला त्याचं मला काही नाही, ते मी खोडून टाकलं, पण या पोराच्या डोक्यात जो नियम बसलाय तो कोण खोडणार?

उलट जे नियम खरंच अंगाला जपण्यासाठी आहेत तिथे नेमकी ढिलाई. पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे टाकून स्लाइड केलं तर या वयात आऊट आहे, मागे परतताना चालतं. हे मी एकदाच दिलेलं पाहिलंय. आणि पिच काउंट! हा तर माझाच विषय. नऊ-दहा वर्षांच्या पोराने दिवसात जास्तीत जास्त ७५ पिच टाकायचे, अकरा-बारावाल्याने ८५, सुरू असलेला बॅटर संपवू शकतो, बास. २००७ पासून लिटल लीगमध्ये हा पिचचा हिशोब आहे, त्याआधी इनिंग मोजायचे. पोरांच्या खांद्याची-कोपराची हाडं अजून वाढत असतात म्हणून हे सगळं. आणि ज्याने त्या दिवशी ४१ किंवा जास्त पिच टाकलेत त्याने मग त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही, कारण कॅचरही प्रत्येक बॉल परत फेकतच असतो. तर एका शनिवारी मी जाळीतून सांगितलं की हा जो आत्ता कॅचरचं पॅड बांधतोय ना, त्याने मघाशी ४४ टाकलेत. मला उत्तर काय मिळालं, "जाऊ दे हो, शेवटचीच इनिंग आहे." त्याच अंपायरने त्याच मॅचमध्ये शर्ट पँटमध्ये खोचला नाही म्हणून एका पोराला परत डगआऊटमध्ये पाठवलं होतं. शर्ट!

बेस लवकर सोडण्याचंही असंच आहे. या वयात रनरने पिच बॅटरपर्यंत पोचेपर्यंत बेस सोडायचा नाही. सोडला तर अंपायरने लगेच खिशातला रुमाल किंवा छोटं निशाण खाली टाकायचं, खेळ पूर्ण होऊ द्यायचा, आणि मग रनरला कुठे पाठवायचं ते ठरवायचं. मला तो रुमाल फार आवडतो, सगळ्यांना दिसतो, आरडाओरडा नाही काही नाही. चार वर्षांत दोनदा पडलेला पाहिलाय. बाकी वेळा काय होतं तर "वॉर्निंग". पहिल्या इनिंगला वॉर्निंग, तिसऱ्याला वॉर्निंग, आणि मॅच बरोबरीत आली की अचानक कडक. वॉर्निंग देऊन सोडायची इच्छा मला कळते, पोरं आहेत, पण सतत वॉर्निंग देऊन तुम्ही नियम शिकवत नाही, तुमचा मूड ओळखायला शिकवता.

बरं, प्रेमाने होणाऱ्या चुकांचं काय करायचं हे मला खरंच माहीत नाही. आमच्याकडे एक वयस्कर अंपायर येतात, पोरांचे अगदी लाडके. एकदा समोरच्यांचा एक छोटा रनर दुसऱ्या बेसला पाय न लावताच तिसऱ्याला पोचला. यांनी त्याला हळूच सांगितलं, "बाळा, बेस शिवला नाहीस, जा पटकन." पोर गेलं, शिवून आलं. बघणाऱ्या सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण नियम असा की बेस चुकला तर फिल्डिंगवाल्यांनी ते हेरून अपील करायचं, अंपायरने तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. चुकीचा बॅटर उभा राहिला तरी तेच, अंपायरने सांगायचं नाही. आमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) हे हेरण्यात तरबेज आहे, त्याने बघितलं होतं, बॉल मागत होता, तो तसाच राहिला. त्या आजोबांना मी काही म्हणणार नाही. सात-आठ वर्षांची पोरं असतील तर मी स्वतःच ओरडून सांगेन. पण दहाव्या वर्षी? अकराव्या? कुठेतरी रेघ ओढायला लागेल आणि ती तुम्ही सगळ्यांनी बसून एकदाच ओढा, प्रत्येक मैदानावर वेगळी नको.

आता आमच्याबद्दल. मी स्वतः एकदा सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलाला, जो पहिल्या बेसला अंपायर म्हणून उभा होता, "टाय झाला तर रनर सेफ असतो, एवढंही माहीत नाही का" असं सगळ्यांसमोर सुनावलंय. त्याचे कान लाल झाले होते. घरी येऊन शोधलं तर असं वाक्य पुस्तकात कुठेच नाही, अंपायरने एवढंच ठरवायचं की बॉल आधी का पाय आधी. मग हे माझ्या डोक्यात आलं कुठून? क्रिकेटमधून! संशयाचा फायदा फलंदाजाला, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं, ते मी उचलून इथे आणून लावलं. "हात बॅटचाच भाग", म्हणजे बॅटरच्या हाताला लागलेला बॉल बॅटला लागला असं धरायचं, हेही तसलंच, पुस्तकात नाही, आणि पहिला बेस ओलांडल्यावर डावीकडे वळलं की संपलं, हेही नाही, दुसऱ्या बेसकडे जायचा प्रयत्न केला तरच तो टॅगला मोकळा होतो. निम्मे पालक या तीन वाक्यांवर पूर्ण सीझन भांडतात.

नंतर त्याच मुलाने मला सांगितलेली एक गोष्ट विसरत नाही. पहिल्या बेसवर तो बॉलकडे बघतच नाही म्हणे, बेसवर पडणाऱ्या पायाकडे बघतो आणि बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कानाने ऐकतो, कारण डोळ्याने दोन्हीकडे एकदम बघता येत नाही. "पण काकू, तुम्ही सगळे इतके ओरडता की मला तो आवाजच येत नाही." आम्ही ज्याच्यावर चुकला म्हणून ओरडतो तो आमच्या ओरडण्यामुळेच चुकतो! न्यू जर्सीत डेप्टफर्ड नावाच्या गावच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियमच केला की अंपायरशी हुज्जत घालणाऱ्या पालकाने आधी तीन मॅच स्वतः अंपायर म्हणून उभं राहायचं, मगच परत बघायला यायचं. मला तो नियम वाचून आधी हसू आलं आणि मग जरा घाम फुटला.

पहिल्या बेसच्या त्या अंपायर मुलाने एक फार छान गोष्टही केली होती. त्याने आऊट दिलं, समोरच्या कोचने शांतपणे विचारलं की फर्स्ट बेसमनचा पाय बेसवर होता का. त्याने "टाइम" मागितला, प्लेट अंपायरकडे चालत गेला, दोघं पाठमोरे उभे राहून काहीतरी बोलले, परत आला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "पाय सुटला होता, मला दिसलं नाही, रनर सेफ." निर्णय ज्याने दिलाय त्यानेच दुसऱ्याला विचारायचं असतं, दुसऱ्याने आपणहून लुडबुड करायची नसते, ते त्याने बरोब्बर पाळलं. अंपायरसाठीच्या सूचनांतही आहेच की मान महत्त्वाचा पण बरोबर असण्याइतका नाही. निर्णय आमच्या विरुद्ध गेला आणि आमच्या बाजूच्या एकानेही चकार शब्द काढला नाही. वीस-पंचवीस वर्षं अंपायरिंग केलेल्यांपैकी काहींना हे जमत नाही, "मी दिलं ते दिलं" म्हणून पाठ फिरवतात.

तर मागणं असं आहे की मॅचआधी प्लेटपाशी जी दोन मिनिटं तुम्ही हात मिळवण्यात घालवता त्यात झोन किती, बेस लवकर सोडला तर काय, वॉर्निंग असेल तर किती, हे बोलून टाका, पोरांना ऐकू जाईल असं बोला. इनफिल्ड फ्लायची परिस्थिती आली की तुमच्यातले काही जण एकमेकांना टोपीला हात लावून खूण करतात ना, ती पोरांनाही समजावून सांगा, त्यांना गुप्त खुणा फार आवडतात. आऊट दिलंत की कशाबद्दल दिलंत तेवढे दोन शब्द बोला, "टॅग", "फोर्स", "पाय सुटला". आणि काउंट मी सांगितला की तो शेवटची इनिंग असली तरी ऐका. माझ्याकडून मी टाय आणि हात हे दोन्ही विषय बंद केलेत, बॉल ग्लोव्हमध्ये पडेपर्यंत पहिल्या बेसकडे बघून तोंड उघडणार नाही, आणि पाचव्या इनिंगला आमच्या फायद्याची चूक झाली तरी यावेळी पुस्तक पिशवीतून बाहेर काढेन. कोच रागावला तर बघू.

तुमची,
जाळीमागची स्कोअरबुकवाली आई

ता.क. मागच्या शनिवारी तुमच्यापैकी कुणाचा तरी काउंट मोजायचा इंडिकेटर आमच्या डगआऊटच्या बाकावर राहिलाय. माझ्या पिशवीत आहे. तीन बॉल, दोन स्ट्राइकवर थांबलाय, चाकं मी फिरवलेली नाहीत.